जेनेटिक ड्रिफ्टला ‘जनुकीय वहन’ म्हणावं का?

तुमचा प्रश्न असा, की आइसलँडच्या जुन्या हाडांमधल्या डीएनएवर लेख लिहिताय, त्यात ‘जनुकीय वहनामुळे आजचे आइसलँडर पूर्वजांपेक्षा वेगळे झाले’ असं वाक्य टाकलंय आणि मैत्रीण म्हणते ‘वहन’ चुकतंय. मैत्रिणीचं बरोबर आहे हो.

वहन म्हटलं की काहीतरी इकडून तिकडे जातंय. उष्णतेचं वहन, मालाचं वहन. बाहेरची माणसं येतात, स्थानिकांत लग्नं होतात, त्यांची जनुकं मिसळतात, याला जीन फ्लो म्हणतात आणि वहन किंवा प्रवाह हा शब्द त्याला शोभतो. ड्रिफ्ट म्हणजे जनुकाच्या एखाद्या प्रकाराचं प्रमाण पिढ्यानपिढ्या निव्वळ योगायोगाने वर-खाली होणं. त्याला कुणी यायला-जायला लागतच नाही, उलट येणंजाणं थांबलं की ड्रिफ्टला मोकळं रान.

मला स्वतःला हे काही पुस्तकातून कळलं नव्हतं, भाचीला समजावताना कळलं. वाटी म्हणजे एक पिढी, मूग आणि मटकी म्हणजे एकाच जनुकाचे दोन प्रकार. वाटीत 50 मूग आणि 50 मटकी घेतली, डोळे मिटून 10 दाणे काढायचे, त्यात 6 मूग आले तर पुढच्या वाटीत 60 मूग आणि 40 मटकी, परत डोळे मिटून 10 काढायचे, असं चालू ठेवलं. मटकी कधी वर कधी खाली करत करत चौदाव्या फेरीला साफ संपली. मटकीत काही खोट नव्हती, मूग काही सरस नव्हते, नुसता हाताला काय लागलं त्याचा खेळ. मोठं पातेलं घेऊन दहाऐवजी हजार दाणे काढले असते तर रात्रभर बसलो असतो तरी मटकी संपली नसती. म्हणून ड्रिफ्ट लहान वस्तीत जोरात चालतो, आणि म्हणून बेटांवर.

आइसलँड तर त्याचं अगदी ठळक उदाहरण. नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्स लोक, म्हणजे त्या काळचे स्कँडिनेव्हियातले लोक, तिथे जाऊन वसले, सोबत आयर्लंड-स्कॉटलंडकडचे गेलिक लोक, त्यातले बरेच गुलाम म्हणून नेलेले. मग शतकानुशतकं लोकसंख्या पन्नास हजाराच्या आसपासच, 1703 च्या जनगणनेत 50,358 भरली, त्यानंतर 1707 ला देवीची साथ आली आणि 1783 ला लाकीचा ज्वालामुखी फुटून दुष्काळ पडला, म्हणजे आपली वाटी दरवेळी आणखी लहान. 2018 मध्ये डीकोड जेनेटिक्स या आइसलँडमधल्या कंपनीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात 27 जुन्या आइसलँडरांचे जीनोम, म्हणजे त्यांच्या डीएनएचा पूर्ण संच, छापले, डीएनए बहुतेक दातांतून काढलेला. त्यात दिसलं की ते जुने लोक आजच्या आइसलँडरांपेक्षा आजच्या स्कँडिनेव्हियातल्या आणि ब्रिटिश-आयरिश बेटांवरच्या लोकांना जास्त जवळचे आहेत. म्हणजे खापरपणजोबांपेक्षाही कितीतरी मागच्या पिढीतला माणूस स्वतःच्या वंशजांपेक्षा परक्यांशी जास्त जुळतो! अकराशे वर्षांत घरचेच बदलून बसले.

आता तुमच्या लेखात एक जागा आहे तिथे मात्र जपून. त्या जुन्या लोकांत नॉर्स वाटा सरासरी 57 टक्क्यांच्या आसपास निघाला आणि आज तो 70 च्या आसपास आहे, हे सगळं ड्रिफ्टच्या खात्यावर टाकू नका. गुलामांना मुलंबाळं कमी झाली असतील किंवा नंतर डेन्मार्ककडून लोक आले असतील, अशीही कारणं संशोधक देतात. त्या डेन्मार्कवाल्या वाक्यात तुमचं ‘वहन’ खुशाल ठेवा, तिथे ते चपखल बसतं.

मग ड्रिफ्टला काय लिहायचं? ‘जनुकीय विचलन’ लिहिणारे आहेत, पण मला ते खटकतं, कारण विचलन म्हणजे ठरलेल्या जागेपासून ढळणं, आणि शाळेत ‘प्रमाण विचलन’ शिकलेल्या माणसाचं डोकं लगेच गणिताकडे जातं. ‘अपवाह’ म्हणावं तर त्यात पुन्हा वाहणं आलंच. माझं मत विचाराल तर ‘जनुकीय भरकट’. वल्हं नसलेली होडी भरकटते, तिला कुठे पोचायचं नसतं, कुणी ढकलत नाही, तरी सकाळी बघावं तर भलतीकडेच. ‘भरकट’ असं नाम फारसं कुणी वापरत नाही हे मान्य, पण घसरणेवरून घसरण झालं, पडणे-झडणेवरून पडझड झालं, मग हे काय वाईट आहे. अर्थात मुलं ‘भरकटली’ म्हणतात तेव्हा त्यात दोष असतो आणि इथे कुणाचाच दोष नाही, तेवढी एक अडचण राहते. संपादक नाकं मुरडत असतील तर सरळ ‘जेनेटिक ड्रिफ्ट’ देवनागरीत लिहा आणि पुढे मूग-मटकी.

तुम्ही जाता जाता ‘प्राचीन डीएनए’ की ‘पुरा-डीएनए’ हेही विचारलंत. पुरातत्त्व, पुराजीव चालतं तसं पुरा-डीएनएही चालेल, वर ‘पुरलेल्यांचा डीएनए’ असा अर्थ फुकटात मिळतो. पण घाईत वाचणाऱ्याला ती आज्ञा वाटायची, ‘पुरा डीएनए’! मी प्राचीनच लिहिते.

आणि तुमच्या मजकुरात तीनदा ‘अनुवांशिक’ आलंय, ते ‘आनुवंशिक’ करा. अनुवंशला ‘इक’ लागलं की पहिला स्वर वाढतो, समाजचं सामाजिक होतं तसा. मधल्या ‘व’ला काना द्यायचं कारणच नाही, पण बोलताना तो सगळ्यांच्याच तोंडात बसलाय, माझ्याही.