"मॅडम, माझं गणित कच्चं आहे"

मी समुपदेशक. चाळिशी ओलांडलेल्या बायका हल्ली माझ्याकडे एक तक्रार घेऊन येतात. बचत गटाचा हिशोब, अंगणवाडीची माहिती, गावातली सर्वेक्षणं, सगळं मोबाईलवर नाहीतर कॉम्प्युटरवर गेलंय. "डेटा भरा, डेटा बघा" असं वरून सांगतात आणि यांच्या पोटात गोळा येतो. गणित कच्चं, इंग्रजी त्याहून कच्चं, या वयात शिकायला बसले तर पोरंटोरं हसतील. अशाच एका ताईंची ही गोष्ट आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई मालवण तालुक्यातल्या. त्यांचा गट काजूगर करून विकतो. हिशोब कॉम्प्युटरवर ठेवायचा म्हणून गटाने त्यांना क्लासला पाठवलं. दुसऱ्याच दिवशी डोकं दुखतंय सांगून त्या उठून आल्या. पुढे क्लासचा दिवस जवळ आला की छातीत धडधड, रात्री झोप नाही. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही, म्हणून माझ्याकडे. आल्या आल्या म्हणाल्या, "मॅडम, माका ता जमाचा नाय. दहावीक गणितातच उडालंय मी."

वर्गात काय झालं ते मी खोदून विचारलं. शिकवणारा मुलगा तसा भला, पण घाईचा. दर वाक्याला "हे एकदम सोपं आहे" म्हणायचा. सोपं असूनही आपल्याला कळत नाही म्हटल्यावर ताईंनी प्रश्न विचारणंच सोडलं. त्यात पडद्यावरची अक्षरं बारीक, आणि चष्मा घरी. चष्म्याची गोष्ट त्यांनी अगदी शेवटी सांगितली, तीही लाजत. "आकडे जमत नाहीत" म्हणून आलेल्या कितीतरी बायकांचं अर्धं दुखणं असं डोळ्यांत असतं!

मी विषय बदलला. ताईंचं माहेर होडीवाल्यांचं. विचारलं, "भरतीची वेळ कशी काढता?"

"तिथीची पाऊणपट. तितक्या वाजता भरती."

"एकादशीला?"

"सव्वाआठ." मी मनातल्या मनात अकराला पाऊण करत होते, तोवर त्यांचं उत्तर आलंही. "बारशीक नऊ."

हे गणित नाही तर काय? पण ताईंच्या लेखी ते गणित नव्हतंच, ते बाबांकडून आलेलं होतं. काजूचंही तेच. चार किलो बीला साधारण किलोभर गर, त्यावर फोडणावळ, पाकीट, गाडीभाडं धरून किलोला काय भाव परवडेल हे त्या बोटांवर सांगतात. वर्गात मात्र साधी बेरीज चुकली. यात बुद्धीचा काही दोष नाही. हातचा लक्षात ठेवायला मनात थोडी जागा लागते आणि भीती नेमकी तीच जागा अडवून बसते. मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं: गणिताची धास्ती असलेली माणसं हातच्याच्या बेरजेत जास्त अडखळतात, कारण त्यांची तात्पुरती स्मृती काळजीनेच व्यापलेली असते.

पुढच्या भेटीत लॅपटॉप उघडला. हिशोबाचे तक्ते करायचं लिबरऑफिस फुकट मिळतं आणि त्याचे मेनू मराठीत करता येतात. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं की अक्षरं मोठी होतात, हे पाहून ताई हसल्या. पहिल्या रकान्यात त्यांनी तिथी लिहिल्या, दुसऱ्यात गुणिले 0.75 चं सूत्र. एकादशीसमोर 8.25 आलं तेव्हा त्या बिचकल्या, मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे सव्वाआठच की." तिसऱ्या रकान्यात छापील तक्त्यातल्या वेळा घातल्या आणि चौथ्यात फरक. फरक निघालाच. पाऊणपटीत भरती रोज 45 मिनिटं पुढे सरकते, प्रत्यक्षात चंद्रामुळे ती साधारण 50 मिनिटं सरकते, शिवाय बंदरागणिक वेळ निराळी. "मग बाबांचा चुकला?" असं त्यांनी विचारलं. चुकलं नाही, तो अंदाज आहे, आणि अंदाज किती हुकतो हे मोजणं म्हणजेच डेटाचं काम, असं मी सांगितलं. त्या बराच वेळ चौथ्या रकान्याकडे बघत होत्या. त्यानंतर काजूचा हिशोब मांडायला त्यांना माझी गरज फारशी लागली नाही.

पण धीर नुसता ताईंनी धरायचा आणि वर्ग होता तसाच राहायचा, हे मला पटत नाही. ताईंना विचारून मी त्या शिक्षकाला भेटले. 'द कार्पेंट्रीज' नावाची संस्था जगभर संशोधकांना डेटा आणि प्रोग्रामिंग शिकवते. तिच्या कार्यशाळांत प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या देतात. जमलं की एक रंग कॉम्प्युटरवर लावायचा, अडलं की दुसरा. हात वर करायला नको, चारचौघांत "कळलं नाही" म्हणायला नको, मदतनीस रंग बघून येतो. "हे तर सोपं आहे" म्हणू नका, अशी ताकीद शिक्षकांना प्रशिक्षणातच मिळते. त्या मुलाने आधी तोंड वाकडं केलं. मग वहीचे कागद फाडून, रंगवून आणले. पहिल्या दिवशी 'अडलं'चे लाल कागद सगळ्यात जास्त तरण्या पोरांच्या टेबलावर लागले, असं ताईंनी मला मोठ्या खुशीत सांगितलं.

तुमची तक्रार हीच असेल तर आधी डोळे तपासून घ्या. मग स्वतःच्या रोजच्या कामातला एक हिशोब घेऊन बसा, दुधाचा, पेट्यांचा, भिशीचा. पुस्तकातली उदाहरणं नंतर. चौकशीला गेल्यावर "अडलं तर कुणाला विचारायचं?" असं विचारा आणि उत्तर देताना समोरचा कपाळाला आठ्या घालत असेल तर दुसरा क्लास शोधा. धडधड महिनाभर थांबली नाही, तर मात्र क्लास बाजूला ठेवून समुपदेशकाकडे या.

ताई अजूनही आधी वहीत लिहितात, मग कॉम्प्युटरवर. मी हरकत घेत नाही. सूत्रात कंस राहिला की चिडतात, पण मदतीचा फोन आता मला येत नाही, क्लासात शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या पोरीला जातो.