सहा आठवडे झाले, कोणी बघतच नाही

रत्नागिरीजवळच्या गावातला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आईची तक्रार वेगळीच. "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉप घेऊन बसतो, मॅडम. पैसा एक मिळत नाही, वर चिडचिड आमच्यावर." मुलाचं म्हणणं असं: एका ओपन सोर्स प्रकल्पाला (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि कोणीही सुधारणा सुचवू शकतं) दुरुस्ती पाठवली, सहा आठवडे उत्तर नाही. त्याआधी इन्स्टॉल होत नाही म्हणून विचारलं, तर "डॉक्युमेंटेशन वाचा" एवढंच. "वाचलंच होतं, तेच चुकीचं आहे. की मलाच जमत नाही?"

हा शेवटचा प्रश्न बरीच मुलं विचारतात. इथे तरी डॉक्युमेंटेशनच, म्हणजे प्रकल्प कसा वापरायचा ती लेखी माहितीच, जुनी होती. त्यात थेट 'पिप इन्स्टॉल' (पायथनची पॅकेजेस बसवायची आज्ञा) करा असं लिहिलेलं. उबुंटू 24.04 या लिनक्स सिस्टिमवर ते चालत नाही. सिस्टिमच्या पायथनला धक्का लागू नये म्हणून तिथे 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' असा नकार येतो. आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे त्या कामापुरता पायथनचा वेगळा कप्पा, करावं लागतं. लिहिणाऱ्याच्या मशीनवर सगळं आधीच बसलेलं असतं, त्यामुळे त्याला ही अडचण कधी दिसतच नाही. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहबच्या 2017 सालच्या पाहणीत 93 टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनं डॉक्युमेंटेशन ही अडचण सांगितली होती, आणि 60 टक्के योगदानकर्ते म्हणाले होते की आपण त्याला क्वचितच हात लावतो किंवा लावतच नाही. शिमग्यात पालखी नाचवायला अख्खा गाव असतो, मांडव सोडायला मात्र दरवर्षी तीच चार माणसं, त्यातलाच हा प्रकार.

मग त्याची पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल प्रकल्पात घ्या' अशी विनंती, उघडून बघितली. दुरुस्ती खरी तीन ओळींची. पण फाइल सेव्ह करताना एडिटरने ऑटो-फॉरमॅट चालवलं आणि अख्खी फाइल लाल-हिरवी झाली, म्हणजे सगळीच बदललेली दिसू लागली. त्यातल्या त्या तीन ओळी शोधायच्या कोणी? शीर्षक 'अपडेट रीडमी' (रीडमी म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल), खाली वर्णनाची चौकट रिकामी. अशा शीर्षकाबद्दल मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या लोकांच्या मनात अढी आहे आणि तिला कारणही आहे. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात 2020 साली टी-शर्ट मिळवण्यासाठी लोकांनी रीडमीत एखादा शब्द घुसडून पुल रिक्वेस्टींचा पूर आणला. शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला, की ज्या प्रकल्पांना भाग घ्यायचा आहे त्यांचंच काम मोजलं जाईल. नोकरी सांभाळून रात्री प्रकल्प बघणारा माणूस अशी विनंती उघडतही नाही. त्याला हा मुलगा माहीत नाही, मग तो त्याची लायकी कशी ठरवणार?

एवढं समोर मांडल्यावर मुलाचा आवाज खाली आला. राग मात्र होता, आणि "डॉक्युमेंटेशन वाचा" या तुटक उत्तरावरचा राग रास्तच होता. ते उत्तर उद्धटच. नव्या माणसाला असं तोडून टाकायचं आणि वर "हात लावायला कोणी येत नाही" म्हणायचं, हे अनेक प्रकल्पांत चालतं.

पुढे करायचं काय, ते कागदावर उतरवलं. अडलं की त्याच क्षणी नोंद: सिस्टिम कोणती, आवृत्ती कोणती, कुठली आज्ञा दिली, एररच्या शेवटच्या दहा ओळी. दोन दिवसांनी वाट सापडली की आपण कुठे अडलो होतो हेच आठवत नाही, आणि नवख्याकडे असलेली मोलाची माहिती तेवढीच असते. ऑटो-फॉरमॅट बंद. पाठवण्याआधी 'गिट डिफ' (काय-काय बदललं ते दाखवणारी आज्ञा) वाचायचं. न केलेला बदल दिसला तर मागे घ्यायचा. एका विनंतीत एकच गोष्ट. वर्णनात तीन वाक्यं: काय अडलं, का अडलं, कुठे तपासून पाहिलं. 'कॉन्ट्रिब्यूटिंग' फाइल, म्हणजे योगदानाचे नियम, आधी वाचायची. काही प्रकल्पांत कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ नसेल तर तपासणी तिथेच अडते, त्यासाठी 'गिट कमिट' ला 'उणे एस' (लहान लिपीतला एस) जोडायचं. गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम, त्यातून पावसात लाइट गेली की डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. म्हणून क्लोन करताना (प्रकल्पाची प्रत उतरवताना) 'डेप्थ 1', म्हणजे सगळा इतिहास उतरत नाही.

जुनी विनंती बंद करून त्याने तीन ओळींची नवी पाठवायची ठरवली. दहा दिवसांनी एकदाच नम्र आठवण, तीही "हे अजून उपयोगाचं आहे का? काही बदल हवा असल्यास करतो" अशी. "का बघत नाही?" असं विचारायचं नाही. आणखी दोन आठवडे शांतता असेल तर प्रकल्प सोडायचा. दुरुस्ती आपल्या फोर्कमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या आपल्या प्रतीत, असतेच. पुढचा प्रकल्प निवडताना 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांसाठी सोपं काम) च्या लेबलवर भुलायचं नाही, कधीकधी ते दोन वर्षांपूर्वी चिकटवलेलं असतं. त्याऐवजी बंद झालेल्या शेवटच्या वीस पुल रिक्वेस्टी चाळायच्या: बाहेरच्या माणसाच्या किती मर्ज झाल्या (प्रकल्पात घेतल्या गेल्या), किती दिवसांत, आणि नकार दिला तो कोणत्या भाषेत.

आईशी वेगळं बोलणं झालं. पैसे मिळत नाहीत हे खरंच आहे, तिला उगाच आशा दाखवली नाही. मुलाखतीत मात्र मर्ज झालेलं काम लिंक देऊन दाखवता येतं. रात्री अकराला लॅपटॉप बंद, यावर दोघांचं एकमत झालं. मुलाने साडेअकरा मागून बघितले.