ब्लोअर ओरडतो, थाप मारली की फिरतो

प्रश्न : माझ्याकडे जुनी सॅन स्टॉर्म, दोन सीटची छोटी कार, आहे. हिवाळ्यात पहाटे नागपूरला निघालो की काचेवर वाफ धरते. हीटरचा ब्लोअर किंचाळतो, बंद पडतो. डॅशबोर्डवर थाप मारली की पुन्हा फिरतो. मेकॅनिक म्हणतो, रेझिस्टर बदला. काय करू?
– एक वाचक, काटोल

उत्तर : भाऊ, रेझिस्टरवर (ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा भाग) आधी पैसे घालू नका. रेझिस्टर गेला की बहुधा हळू वेग बंद होतात, फुल वेग चालूच राहतो. थाप मारल्यावर फिरते ती मोटरच झिजलेली: आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन संपत आलेले, शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश कोरडे.

बॅटरीची निगेटिव्ह काढून मोटर उतरवा आणि बाहेर थेट १२ व्होल्ट देऊन पाहा. पंखाही नीट बघा. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात पात्यांच्या खाचांत कापसाचे तंतू नि धूळ दाबून बसते. जुन्या दात घासायच्या ब्रशने एकेक पातं साफ करा. पंखा तोलात नसला तर नवी मोटरही लवकर जाते.

नेमकी मोटर नाही मिळाली तर दुसरीची शाफ्टची जाडी, भोकं आणि फिरण्याची दिशा जुळवा. उलटी फिरली तरी वारा येतो, पण फारच कमी, अन् माणूस फसतो.

तुमच्या गाडीची बॉडी फायबरची, तिच्यातून अर्थ (विजेची परतीची, निगेटिव्हची वाट) मिळणार नाही. अर्थची वायर चॅसीपर्यंत (गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत) नेऊन, जागा घासून, घट्ट बसवा. कनेक्टर वितळलेला असेल तर तोही बदला. आणि कृपा करून मोठा फ्यूज टाकू नका, वायरिंग जळेल.