किमान वेतन वाढवलं की छोट्या कारखान्यांतली माणसं खरंच कमी होतात का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं चाकणला पंचवीस माणसांचं वर्कशॉप आहे, आणि किमान वेतन असंच वाढत राहिलं तर चार-पाच जणांना घरी पाठवावं लागेल असं ते म्हणतात. कॉलेजातल्या चर्चेत मात्र सगळे वाढीच्या बाजूने बोलतात. मग खरं कोणाचं?

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची आणि कंत्राटदारांची पगारपत्रकं, मस्टर म्हणजे हजेरीपट, पीएफ आणि ईएसआय म्हणजे कामगार विम्याची चलनं बघणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे दोन्ही बाजू रोज कानावर पडतात. माझं मत आधीच सांगतो. किमान वेतन वाढलं पाहिजे, आणि चांगलं भरघोस वाढलं पाहिजे. तरी वडिलांची भीती खोटी नाही. दर सरकार वाढवतं, तो द्यायचा वडिलांनी, आणि ज्या मोठ्या कंपनीसाठी ते पार्ट बनवतात तिचं नाव या सगळ्यात कुठेच निघत नाही. चर्चा फक्त मालक आणि कामगार या दोघांवरच अडकून राहते. खरी मेख त्या तिसऱ्याकडे आहे.

आधी वडिलांचा हिशेब मांडू. समजा, माणशी महिना दोन हजार रुपये वाढले आणि वाढीनंतरही पगार पंधरा हजारांच्या आतच राहिला. त्या दोन हजारांवर मालकाचा पीएफचा वाटा प्रशासकीय आकारासह १३ टक्के, म्हणजे २६० रुपये. ईएसआय ३.२५ टक्के, ६५ रुपये. बोनस किमान ८.३३ टक्के, साधारण १६७ रुपये. बोनसचं अनेकांच्या लक्षात येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीपासून तो ठरलेली मर्यादा (तेव्हा सात हजार) किंवा किमान वेतन यांपैकी जे जास्त त्यावर काढायचा असतो, त्यामुळे किमान वेतन वाढलं की बोनसही आपोआप वाढतो. ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे बाजूला ठेवले तरी दोन हजारांचे जवळपास अडीच हजार झाले. पंचवीस माणसांचे महिन्याला बासष्ट हजार.

वर्कशॉपचं जॉबवर्कचं, म्हणजे मोठ्या कंपनीसाठी करून दिलेल्या कामाचं, बिल महिन्याला वीस लाखांचं असेल, तर ही वाढ बिलाच्या तीन टक्क्यांहून थोडी जास्त भरते. मोठ्या कंपनीला हा आकडा जाणवणारही नाही. पण जॉबवर्कवाल्याला वीजबिल, टूलिंग, मशीनचे हप्ते, रिजेक्शन हे सगळं वजा जाता जे उरतं, त्यातले हे तीन टक्के असतात. म्हणून वडील माणसं कमी करण्याची भाषा बोलतात.

आता त्यांच्या रेट कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे पार्टचे दर ठरवणाऱ्या कराराचा, कागद काढून बघा. मी असे बरेच वाचले आहेत. पोलादाचा भाव बदलला तर पार्टचा दर कसा आणि कोणत्या महिन्यापासून बदलेल, हे बहुतेकांत नीट लिहिलेलं असतं. मजुरीचं काय? महाराष्ट्रात कामगार आयुक्तालय दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, महागाई निर्देशांकानुसार किमान वेतनात जोडला जाणारा विशेष भत्ता जाहीर करतं. तारखा ठरलेल्या, पद्धत ठरलेली. त्याची साधी ओळही त्या कागदात नसते. उलट दर वर्षी दोन-तीन टक्के कॉस्ट-डाउन द्या, म्हणजे दर कमी करा, असा तगादा असतो. मटेरियलची भाववाढ कंपनी मान्य करते, माणसाची करत नाही. मग ती वाढ कोणाच्या तरी अंगावर पडणारच. आधी ती मालकाच्या नफ्यावर पडते, तिथे जागा उरली नाही की कामगाराच्या पगारावर.

अशा वेळी मालक मला म्हणतात, 'साहेब, दर कमीच ठेवायला हवा होता.' हे मला पटत नाही. किमान वेतन हा काही चैनीचा आकडा नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने तो कसा काढायचा हे ठरवून दिलं: कमावता एक आणि त्याला धरून खाणारे तीन घटक, प्रौढ माणशी २,७०० कॅलरीचं अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक घरकुल योजनेइतकं किमान घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या रेप्टाकोस ब्रेट निकालात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सण-समारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. आणि त्याच न्यायालयाने पन्नासच्या दशकातच म्हटलं होतं की आपल्या कामगारांना निदान किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालण्याचा हक्क नाही.

या निकषांनी आकडा काढला तर जाहीर दरांपेक्षा तो बराच वर जातो, हे सरकारनेच नेमलेल्या समितीने दाखवलंय. अनुप सत्पथी समितीने जुलै २०१८ च्या किमती धरून दिवसाला ३७५ रुपये, म्हणजे महिना ९,७५० रुपये किमान वेतन सुचवलं, शहरात घरभाड्यासाठी १,४३० रुपये वेगळे. आणि हेही २,७०० ऐवजी २,४०० कॅलरी धरून. त्या आधी २०१७ पासून देशपातळीवरचा किमान आधारदर होता दिवसाला १७६ रुपये, आणि तोही तेव्हा राज्यांवर बंधनकारक नव्हता. समितीचा आकडा सरकारने स्वीकारला नाही.

'दर वाढले की रोजगार घटतात' या दाव्याकडे वळू. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे बरीच वर्षं गृहीतच होतं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली मिळून ४१० फास्टफूड दुकानं वाढीच्या आधी आणि नंतर तपासली. रोजगार घटल्याचं त्यांना दिसलं नाही. त्यावर खूप वाद झाले, प्रतिवादाचे अभ्यास आले, आजही येतात. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यामागे हे कामही होतं. कामगाराला जवळपास दुसरीकडे जायला जागा नसेल तर मालक त्याला बाजारभावापेक्षा कमी देऊ शकतो, आणि अशा ठिकाणी दर वाढवला तरी माणसं कमी होत नाहीत, असं त्यावरचं एक स्पष्टीकरण आहे. आमच्या पट्ट्यात हे डोळ्यांसमोर दिसतं. मराठवाड्यातून आलेला पोरगा चिखलीत तिघांबरोबर एका खोलीत राहतो, त्याच्याकडे गाडी नाही. सायकलच्या टप्प्यात जेवढे कारखाने, तेवढाच त्याचा बाजार.

पण न्यू जर्सीचा दाखला जशाच्या तसा इथे आणून चालत नाही. आपल्याकडे २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीनुसार काम करणाऱ्यांत ५८ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत. त्यांना पगार देणाराच कोणी नाही, मग दर कुठला?

त्यापेक्षा मला आपल्याच राज्यातला एक अनुभव जास्त शिकवून जातो. बाहत्तरच्या दुष्काळातून उभी राहिलेली आपली रोजगार हमी योजना तुम्हाला माहीत असेल. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, ही तिची अट. १९८८ मध्ये किमान वेतनाचे दर जवळपास दुप्पट झाले आणि हमीच्या कामावरची मजुरीही त्यासोबत वाढली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी नंतरच्या काळाची आकडेवारी तपासली, तेव्हा दिसलं की हमीवर मिळणारं काम कमी झालं. काम मागणारे होते, पण सगळ्यांना पुरेल इतकी कामं निघेनात. वाढीच्या विरोधात हा दाखला देणारे मला भेटतात. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. मजुरी दुप्पट झाली, पण ती द्यायला लागणारा पैसा त्या प्रमाणात आला नाही. पैसे देणारं सरकारच होतं, तरीही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमकं हेच घडतंय, फक्त सरकारच्या जागी मोठी कंपनी आहे.

आणि पैसा वरून आला नाही की खाली काय होतं, तेही सांगतो. एका कंपनीने तिच्या हाउसकीपिंग कंत्राटदाराची कागदपत्रं माझ्याकडे तपासायला दिली होती. दर बरोबर, पीएफ बरोबर, पगार बँकेतून. वरवर बघता एक चूक सापडत नव्हती. मग मी मस्टर आणि गेटवरचं हजेरी रजिस्टर शेजारी ठेवून वाचलं. सफाईचं काम करणारी एक बाई गेटवर महिन्याचे सव्वीस दिवस हजर, मस्टरवर बावीस. सगळ्यांचंच तसं. कंत्राटदार आधी हातात किती द्यायचे ते ठरवत होता, समजा अकरा हजार, आणि त्या रकमेत जितके दिवस बसतील तितके मस्टरवर लावत होता. रोजचा दर ५०० असताना बावीस दिवस. जुलैत विशेष भत्ता वाढून दर ५२४ झाला, तर एकवीस. सरकारने वाढ दिली आणि त्या बाईचा एक दिवस कागदावरून गेला. हातात तेवढेच पैसे.

हे एवढ्यावर थांबत नाही. मस्टर असंच उतरत एकोणीसवर आलं की वर्षाचे २२८ दिवस होतात. सलग नोकरीसाठी २४० दिवस भरावे लागतात. ते भरले नाहीत तर ग्रॅच्युइटी, कामावरून कमी केल्याची भरपाई, सगळ्यावर पाणी. मी अहवालात हे लिहून दिलं. मग कंत्राटदाराशी बोलणं झालं तेव्हा त्याने टेंडरचा कागद पुढे केला. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर झालेली, सेवाशुल्क जवळपास शून्य. त्याचा नफा कुठून येणार होता, हे कंत्राट देणाऱ्यांना सही करतानाच कळायला हवं होतं. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाला भरावी लागते, ही तरतूद कायद्यात आहेच. पण त्या बाईला ती कोण सांगणार?

म्हणून 'दर किती' याइतकाच 'पैसे कोणत्या वाटेने पोचतात' हा प्रश्न मी महत्त्वाचा मानतो. याचं एक उत्तर महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून दिलेलं आहे. हमाली करणाऱ्यांसाठीचा, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला हा कायदा. त्यात मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरतो, मंडळ कामगाराला पैसे देतं, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा यांची सोय होते. मुकादमाच्या हातात पैसाच जात नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्यांचा उद्योजकांना त्रास आहे, चाकणलाही आहे, आणि त्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्यासाठी मूळ रचनेला नावं ठेवणं मला मान्य नाही.

आता कायदाही बदललाय. १९४८ चा किमान वेतन अधिनियम जाऊन वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पूर्वी अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांनाच किमान वेतन लागायचं, आता सगळ्याच रोजगारांना. केंद्राने ठरवलेल्या आधारदराखाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही. कमी दिलेल्या वेतनाचा दावा करायला पूर्वी सहा महिने होते, आता तीन वर्षं. हे चांगलं झालं. निरीक्षकाने मात्र खटला भरण्याआधी मालकाला चूक सुधारायची संधी द्यायची आहे. प्रामाणिक छोट्या मालकाला याचा दिलासा आहे, पण मस्टरवर दिवस कापणाऱ्यालाही तोच आहे, आणि ते मला खटकतं.

राहिला तुमच्या वडिलांचा प्रश्न. माणसं कमी करण्याआधी त्यांना पुढच्या रेट कॉन्ट्रॅक्टच्या बोलणीत एक गोष्ट करायला सांगा. प्रत्येक पार्टच्या दरातला मजुरीचा भाग वेगळा काढून दाखवायचा, आणि आयुक्तालयाची विशेष भत्त्याची अधिसूचना निघाली की तेवढ्याच टक्क्याने तो भाग वाढेल, असं कलम मागायचं. पोलादासाठी जसं आहे, अगदी तसंच. एकट्याने मागितलं तर खरेदी विभाग दाद देणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्याच कंपनीचे आणखी दहा-बारा व्हेंडर त्याच एमआयडीसीत असतील आणि सगळ्यांची रड तीच असेल. त्यांनी मिळून मागितलं तर ऐकून घ्यावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका प्रेस शॉपवाल्याने शेजारच्या चौघांना बरोबर घेऊन सहामाही वाढ मान्य करून घेतली. पूर्ण नाही, साधारण निम्मी मिळाली, पण त्या वर्षी त्याला एकही हेल्पर कमी करावा लागला नाही. आणि बिलाचे पैसे ४५ दिवसांत मिळत नसतील तर तेही याच बैठकीत काढा. वडिलांचं युनिट उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु म्हणून असेल, तर उशिरा दिलेल्या पैशांची प्राप्तिकरातली वजावट कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की हा मुद्दा त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना पटकन पटतो. नोंदणी केलेली नसेल तर ती आधी करून घ्या.