गोव्याच्या डोंगरमाथ्यावरील वस्त्यांमध्ये लोक कसे राहतात?

तुम्ही विचारले आहे की, गोवा म्हटले की समुद्रच डोळ्यांसमोर येतो, पण सह्याद्रीच्या माथ्यावर रस्त्यापासून लांब राहणारी माणसे गोव्यात आहेत का, आणि त्यांचे आयुष्य खरोखर शांत व निवांत असते का.

अशी माणसे पुष्कळ आहेत. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांची पूर्वेकडची कड सह्याद्रीने व्यापलेली आहे. पणजीहून साखळी, केरी करत अंजुणे धरणाच्या कडेने चोर्ला घाट चढला की सुमारे ८०० मीटर उंचीवर सुर्ला हे गाव लागते. (महादेवाच्या प्राचीन मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले तांबडी सुर्ला वेगळे, ते डोंगराच्या पायथ्याशी आहे.) अशी गावे निदान नकाशावर तरी आहेत. त्यांच्यापासून आणखी आत, रानात, पाच-सहा घरांचे धनगरवाडे आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिथे मिळाले. सत्तरीच्या घाटमाथ्यावरील एका मराठी प्राथमिक शाळेत मी सहा वर्षे शिकवले. शाळेत शिक्षिका मी एकटीच होते आणि माझी निम्मी मुले अशाच एका वाड्यावरून पाऊण तास चालत येत असत.

हे लोक धनगर-गवळी. म्हशी पाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय. पूर्वी ते कुमेरीची शेती करीत, म्हणजे उतारावरचा झाडोरा तोडून जाळायचा, त्या राखेत नाचणी आणि वरी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा रानाला परत देऊन पुढे सरकायचे. सरकारने कुमेरी बंद केली तसे वाडे एका जागी स्थिरावले. पहाटे धारा काढायच्या, किटल्या डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत उतरायचे, दूध न्यायला येणारी गाडी गाठायची आणि मग दिवसभर म्हशींमागे रानात राहायचे, असा त्यांचा दिवस असतो. गाडी चुकली तर दूध परत वर न्यावे लागते. पावसाळ्यात व्हाळाला पूर आला की कितीतरी दिवस दूध खाली उतरतच नाही. मग त्याचे दही लावायचे, ताक घुसळायचे, लोणी कढवायचे. जून-जुलैमध्ये वाड्यावर पाऊल ठेवले की धुराच्या वासात मिसळलेला तुपाचा वास यायचा. मला तो फार आवडायचा. नंतर कळले की ज्या दिवशी तो वास दरवळतो, त्या दिवशी घरात रोख पैसा आलेला नसतो.

पावसाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण वरच्या जीवनाचे सगळे वेळापत्रक तोच ठरवतो. गोव्यात सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावर त्याहूनही अधिक. त्यामुळे एप्रिल-मे हे महिने पुरुमेताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे. उकडे तांदूळ, नाचणी, कडधान्ये, सुकी मासळी, सोले, मीठ-मिरची हे सारे मृगापूर्वी घरात आले पाहिजे. लाकडांच्या मोळ्या छपराखाली रचायच्या, गोठ्याच्या कारवीच्या कुडाला शेणमातीचा नवा गिलावा द्यायचा आणि व्हाळावरचा लाकडी साकव तपासायचा. वीज आलेली आहे, पण तारेवर झाड कोसळले की ती दोन-चार दिवस जाते. धुके तर असे असते की दुपारी बारा वाजता वर्गात फळा दिसत नसे आणि मी मुलांना माझ्याभोवती गोल बसवून तोंडी पाढे घेत असे. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाइलची रेंज फक्त एका खडकावर मिळायची. मुले तिथे छत्र्या घेऊन बसत आणि मी पाठवलेले धडे एकाच फोनवर आळीपाळीने पाहत.

आजारपण ही तिथली सर्वांत मोठी भीती आहे. १०८ ची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येते, पण रुग्णाला रस्त्यापर्यंत आणायचे काम माणसांच्या खांद्यांचेच असते: दोन बांबूंना घोंगडे बांधायचे आणि चौघांनी उचलायचे. त्यात सत्तरीत २०१५ पासून माकडतापाची भर पडली. रानात माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी जमिनीवर पसरतात आणि चावल्या की माणसाला ताप येतो. हंगाम साधारण जानेवारी ते मे, म्हणजे नेमके काजू गोळा करण्याचे आणि सुका पाला आणण्याचे दिवस. आरोग्यसेविका हातापायांना लावायचे तेल देतात आणि मेलेले माकड दिसले तर ताबडतोब कळवा म्हणून सांगतात. माझे विद्यार्थी रानातून आले की शाळेच्या पायरीवर एकमेकांच्या पोटऱ्या तपासत.

तरीही, मला विचाराल तर, या लोकांचे खरे दुःख पाऊस नाही आणि अंतरही नाही. त्यांच्याजवळ जमिनीचा कागद नाही. महाराष्ट्रात जसा सातबारा, तसा आमच्याकडे एक-चौदाचा उतारा असतो, आणि त्यावर या घरांचे नाव नाही. नाव नाही म्हणून घरदुरुस्तीचा परवाना नाही, कर्ज नाही, नळ मागितला तर आधी जमीन कोणाची असा प्रश्न. १९९९ मध्ये सुमारे २०८ चौरस किलोमीटरचे म्हादई अभयारण्य घोषित झाले, मात्र आत राहणाऱ्यांच्या हक्कांची निश्चिती वर्षानुवर्षे रेंगाळली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आशा दाखवली, पण त्यात एक मेख आहे. अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवणे पुरेसे असते. इतर पारंपरिक वननिवासींना त्याआधीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये जमातीचा दर्जा मिळाला. धनगर-गवळ्यांची तीच मागणी मात्र अजून मान्य झालेली नाही. म्हणून त्यांना १९३० सालचा, पोर्तुगीज राजवटीतला पुरावा हवा. जी माणसे त्या काळी दर दोन-तीन वर्षांनी वाडा हलवत होती, त्यांच्याकडे तो असणार तरी कसा?

कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला जातो. वाड्यावरील सर्वांत वयस्क आजोबांनी मला तो लिहून द्यायला सांगितले. लिहिण्याआधी त्यांनी मला रानात नेले आणि एकामागून एक तीन जुनी जोती दाखवली. दगडांवर शेवाळ चढले होते, पण चुलीची जागा अजून काळी होती. शेवटच्या जोत्याशी एक आंबा होता. ते म्हणाले, "बाई, हो आंबा माझ्या बापानं लायलो. पोर्तुगीज गेले तेव्हा मी एकट्यानं याच्यावर चढून आंबे काढायचो. हे लिवा." मी तसेच लिहिले. त्यांनी अंगठा उठवला, तो नीट उमटला नाही म्हणून पुन्हा उठवला. पुढे एका कार्यालयात आम्हाला सांगण्यात आले की, तीन ठिकाणी जोती असणे याचा अर्थ हे कुटुंब एका जागी स्थायिक नव्हते. कायदा वनात राहण्याबद्दल बोलतो, एकाच दगडावर राहण्याबद्दल नाही, हे मी परोपरीने सांगितले. अर्ज "त्रुटी" असा शेरा मारून परत आला आणि आम्ही तो पुन्हा दाखल केला.

वाघाचा विषयही इथेच येतो. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले आणि त्या प्रकरणात धनगर कुटुंबातील माणसांना अटक झाली. ते कृत्य समर्थनीय नाही. मला त्या बछड्यांची छायाचित्रे पाहवली नाहीत. पण दुभती म्हैस गेली की त्या घराचा महिन्याचा पगार जातो, हेही मी जवळून पाहिले आहे. २०२३ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसरात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हापासून वाड्यावर मला दर भेटीत एकच प्रश्न विचारला जातो: आम्हाला उठवणार का? माझे स्वतःचे मत असे की आधी हक्क लिहून द्यावेत आणि मग वाघासाठी काय सोडायचे ते या लोकांशी बसून ठरवावे, कारण वाघाची वाट त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही.

तेव्हा शांतता आहे का, तर आहे. रात्री व्हाळाचा आवाज आणि म्हशींच्या गळ्यातील घंटा यांखेरीज काही ऐकू येत नाही. निवांतपणा मात्र मी तिथे पाहिला नाही. माझी बदली होऊन आता तीन वर्षे झाली. आजोबा दसऱ्याला अजूनही तुपाची बरणी पाठवतात आणि आणणाऱ्या नातवाकडून निरोप असतो, "बाईंना विचार, त्या कागदाचं काय झालं." अर्ज अद्याप प्रलंबित आहे, आणि मी त्याला तसेच सांगते.