आधी हळू पळायला शिक

प्रिय पोरी,

मॅरेथॉनला नाव नोंदवून टाकलंस, बरं केलंस. पैसे भरले की माणूस पहाटे उठतो. हातात अठरा आठवडे आहेत आणि दहा किलोमीटर तू न थांबता पळतेस, म्हणजे पाया बरा आहे. पण पाठवलेले सरावाचे आकडे पाहून जरा हसू आलं. मंगळवारी जोरात, गुरुवारी त्याहून जोरात आणि रविवारी पाय भरून आले म्हणून सुट्टी! मीही नेमकं हेच करायचो.

आधी वेग उतरव. आठवड्यातल्या बहुतेक धावा इतक्या सावकाश हव्यात की पळता पळता पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. सोबत कुणी नसेल तर एकोणतिसाचा पाढा मोठ्याने म्हण. पाढा चुकला तर चालेल, धाप लागायला नको. लाज वाटेल, मागून येणारे पुढे जातील, जाऊ देत. केनियाचा धावपटू एलिउड किपचोगेने २०२२ साली बर्लिनला २ तास १ मिनिट ९ सेकंदांत मॅरेथॉन मारली, म्हणजे किलोमीटरला साधारण २ मिनिटं ५२ सेकंद. त्याच्याही सरावातल्या सोप्या धावा याच्या कितीतरी मागे असतात. मग तुला-मला कसली घाई?

यामागे कारण आहे. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि टाचेमागची शीर मात्र महिने घेतात. छाती 'पळ' म्हणते तेव्हा नडगी अजून तयार नसते, आणि बहुतेक दुखापती याच फटीत होतात. पोटऱ्या, मांड्या सगळीकडून ठणकत असतील तर ते सरावाचं दुखणं, दोन दिवसांत जातं. पण नडगीवर बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल आणि पळताना ती वाढत असेल, तर त्याच दिवशी थांब आणि डॉक्टरांना दाखव. 'बघू रविवारनंतर' म्हणणाऱ्यांचे तीन-तीन महिने गेलेले मी पाहिलेत.

आठवड्यातून एक लाँग रन. दर खेपेला दीड-दोन किलोमीटर वाढव, दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी कर. सर्वांत लांब धाव ३० ते ३२ किलोमीटरची, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर टेपर, म्हणजे अंतर उतरवत आणायचं. त्या दिवसांत पाय वळवळतील, नसलेली दुखणी जाणवतील, 'एकदा शेवटचं तपासून बघू' असं वाटेल. तपासायचं नाही.

आता शर्यतीचं सांगतो. माझ्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये बंदूक वाजली आणि मी गर्दीबरोबर वाहत गेलो. पहिले दहा किलोमीटर ठरवल्यापेक्षा चार मिनिटं आधी झाले. वाटलं, चार मिनिटं शिल्लक पडली. तेहतिसाव्या किलोमीटरला फुटपाथच्या कडेवर बसून मी बुटाची नाडी सैल करायचा प्रयत्न करत होतो. गाठ साधीच होती, पण बोटं ऐकेनात. नाडीचं टोक हाती येईना. तेवढ्यात समोरून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ गेले. छोटी छोटी पावलं, तोंड मिटलेलं, नाकानेच श्वास. चौथ्या किलोमीटरला मी त्यांना ऐटीत मागे टाकलं होतं.

हिशेब साधा आहे. एक किलोमीटर पळायला वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक कॅलरी लागते. वजन ५५ किलो धरलं तर ४२.१९५ किलोमीटरला २३०० च्या आसपास. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा साठा असतो साधारण १५०० ते २००० कॅलरींचा. बाकीचं चरबी भागवते, पण ती सावकाश जळते. वेग जितका जास्त, तितकी शरीर चरबी सोडून साखर ओढतं. म्हणून सुरुवातीला वाचवलेली चार मिनिटं शिल्लक नसतात, ती उचल असते. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय अचानक गळून जातात, त्याला 'वॉल' म्हणजे भिंत म्हणतात. ती याच उचलीची वसुली. माझी चार मिनिटं सव्वीस मिनिटांनी फिटली.

साठा संपण्याआधी भर घालायची. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासून. जेल, म्हणजे पुडीतला साखरेचा घट्ट पाक, घेणार असशील तर लाँग रनमध्येच घेऊन बघ. पोटालाही सराव लागतो. पाणी तहानेप्रमाणे पी. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर पोट भरून पिणं धोक्याचं आहे, विशेषतः चार-पाच तास पळणाऱ्यांना. रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

चार तासांच्या आत यायचं म्हणतेस. म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. पण मार्ग मोजतात तो सर्वांत जवळच्या रेषेने, वळणांना आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून. तू गर्दीत, लोकांना वळसे घालत पळणार, त्यामुळे घड्याळ शेवटी ४२.६ सुद्धा दाखवेल. तेव्हा घड्याळातला वेग ५ मिनिटं ३७ सेकंद धर, नाहीतर घड्याळात चार तासांना ४२.२ भरतील आणि शर्यत संपायची कमान समोर दिसत राहील. खरं सांगू? पहिल्या खेपेला वेळेचा नाद सोडलास तर मला जास्त आवडेल. तरीही धरायचाच असेल, तर पहिले पाच किलोमीटर ५ मिनिटं ५० सेकंदांनी जा. किलोमीटरमागची ती तेरा सेकंदं मागून हळूहळू भरून काढता येतात.

किरकोळ गोष्टी: त्या दिवशी अंगावर नवीन काहीही नको, बूटही नको, मोजेही नकोत. सुती मोजे तर नकोतच, घामाने फोड येतात. काखेत आणि जिथे शिवण घासते तिथे व्हॅसलीन लाव. अंघोळीच्या वेळी आठवण काढशील. बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, आदल्या रात्रीच टाचून ठेव, झोपेच्या डोळ्यांनी पिना बोटात जातात.

येत्या रविवारी १२ किलोमीटर. घड्याळ घरी ठेव आणि पळून आल्यावर एवढंच कळव, पाढा कितपर्यंत गेला.

तुझा,
नाडी न सुटलेला