वाचक विचारतात: खाऱ्या टाकीत काय बुडवायचं आणि काय नाही

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत, खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी घरी सामान बनवायचंय तर कुठलं मटेरियल चालतं. म्हणून सगळी जागा त्यालाच देतोय.

प्रश्न (ठाणे): नमस्कार सर, माझी २०० लिटरची खारी टाकी आहे, दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप (टाकीत पाळतात ती छोटी कोळंबी) आणि चार-पाच गोगलगायी. मे महिन्यात पाणी ३१ डिग्रीच्या वर जातं. नवीन चिलर (टाकीचं पाणी गार करायचं यंत्र) परवडत नाही. घरी जुना वॉटर कूलर पडलाय, मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर चांगला आहे, तांब्याची कॉइल मोकळी करून सरळ टाकीत सोडू. आपण तर तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितो, मग माशांना काय होणार? वरून इपॉक्सीचा कडक लेप मारला तर?

उत्तर: नका करू, अगदी हात जोडून सांगतो. तांब्याच्या भांड्यात आपण गोडं पाणी रात्रभर ठेवतो आणि सकाळी पितो. तुमच्या टाकीत लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ आहे, ते पाणी तांब्याला दिवसरात्र खाणार, आणि आतला जीव ते पाणी नुसतं पीत नाही तर त्यातच श्वास घेतो, हा फरक मोठा आहे. श्रिंपच्या रक्तात तांबं असतंच, हिमोसायनिन नावाच्या प्रथिनात, त्यावरच त्याचा ऑक्सिजन फिरतो, पण त्याला लागतं ते कणभर, त्याच्यावर गेलं की तेच विष. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर खाऱ्या माशांना कॉपर सल्फेट देतात तेव्हा पाण्यात तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढंच ठेवतात. मासे ते सोसतात, श्रिंप आणि गोगलगायी मात्र तेवढ्यात मरतात, म्हणून तर ते औषध वेगळ्या टाकीत द्यायचं असतं. शिवाय तांबं नुसतं पाण्यात राहत नाही, टाकीतले चुनखडीचे दगड आणि वाळू ते धरून ठेवतात, मग कॉइल काढली आणि पाणी बदललं तरी त्रास मागे राहतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी मी खालच्या फिल्टरमधून पाणी वर टाकीत आणणाऱ्या रिटर्नच्या लाइनवर पितळी कॉक बसवला होता, छोटासा, घरात होता म्हणून. पंधरा दिवसांत तीन श्रिंप गेले. मी रोज अमोनिया बघतोय, नायट्राइट बघतोय (घाणीतून तयार होणारी विषं), सगळं शून्य, काय चुकतंय कळेना. शेवटी लाइन खोलली तर कॉक आतून गुलाबी झालेला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, खाऱ्या पाण्यात जस्त आधी निघून जातं आणि मागे तांब्याचा पोकळ सांगाडा उरतो, बाहेरून कॉक नवा दिसतो. ते तीन श्रिंप मी अजून विसरलो नाही.

इपॉक्सीचं म्हणाल तर कॉइल गार-गरम होते तशी आकसते-फुगते, एखादी बारीक चीर किंवा टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी तिथून सुरुवात होते आणि बाहेरून दिसतही नाही. आणि जाड थर दिला तर थंडावाच नीट पोचणार नाही.

खरोखर कॉइल बुडवायचीच असेल तर टायटॅनियमची. ते उष्णता तांब्याच्या मानाने बरीच कमी वाहतं, पण नळी पातळ असली की त्याने फारसं अडत नाही आणि खारं पाणी त्याला काही करत नाही. महाग आहे हे मान्य. म्हणून आधी पाण्यावर वारा घालणारा पंखा लावून बघा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते, १०० लिटर पाणी एक डिग्री गार करायला ४२० च्या आसपास, म्हणजे तुमच्या २०० लिटरमधून दिवसाला दोन लिटर उडालं तर हिशोबाने पाच-सहा डिग्री निघतात. प्रत्यक्षात खोली, लाइट, पंप पुन्हा तापवत राहतात त्यामुळे दोन-तीन डिग्री मिळाले तरी आनंद माना, आणि ठाण्याच्या दमट हवेत, पावसाळा जवळ आला की त्याहून कमी. उडालेलं पाणी भरताना साधं आरओचं भरायचं, खारं नाही, कारण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. पंख्याचे स्क्रू आणि जाळी मात्र पाण्यावर लोंबकळणार नाही असं बसवा, गंजलेला थेंब आत पडायला नको.

प्रश्न (नाशिक): दादा, संपची (टाकीखालची फिल्टरची टाकी) सगळी लाइन मीच करतोय. प्लंबर म्हणतो सीपीव्हीसी घ्या, भारीतलं आहे. मित्राकडे भंगारातले जुने पीव्हीसी पाइप आहेत, फुकट मिळतायत. काय करू?

उत्तर: भंगारातले नको. आपल्याकडे पीव्हीसी बनवताना त्यात शिशाचं स्टॅबिलायझर घालायची पद्धत बरीच वर्षं होती, त्यावर केंद्र सरकारने २०२१ साली नियम काढले. जुन्या पाइपात काय आहे ते तुम्हाला आणि मला बघून कळणार नाही. नवा घ्या, पाइपावर आयएस ४९८५ छापलेलं असतं तो पिण्याच्या पाण्याचा यूपीव्हीसी, आणि लेड-फ्री लिहिलेला बघून घ्या. करड्या रंगाचा एसडब्ल्यूआर असतो तो सांडपाण्याचा, तो यासाठी नाही. सीपीव्हीसी गरम पाण्याचा, पाइप म्हणून वाईट नाही पण तुम्हाला त्याची गरज नाही, आणि खरी अडचण त्याच्या फिटिंगमधे आहे. आटे असलेल्या पुष्कळ फिटिंगमधे आत पितळी इन्सर्ट असतो. बाहेरून सगळं प्लास्टिक दिसतं, आत पिवळा धातू. दुकानात उभं राहून प्रत्येक फिटिंग उजेडात धरून आतून बघा, दुकानदार वैतागला तरी चालेल. ऑटो टॉप-अपला (उडालेलं पाणी आपोआप भरायची सोय) गच्चीवरच्या टाकीचा पितळी बॉलकॉक लावतात लोक, तोही नाही, प्लास्टिकचा मिळतो. धातूच्या होज क्लिपऐवजी प्लास्टिकचे टाय. सॉल्व्हंट सिमेंट (पाइप जोडायचा गोंद) लावलं की एक दिवस पूर्ण सुकू द्या, मग दोनदा साधं पाणी फिरवून फेकून द्या, वास येत असेल तर अजून एकदा.

प्रश्न (पणजी): काचेचा संप जोडायचाय. हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमचा सिलिकॉन आहे, तो चालेल ना? आणि मधले पडदे अॅक्रिलिकचे केले तर?

उत्तर: बाथरूमचा नको. त्याच्यात बुरशी येऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं, ते बुरशीला मारतं म्हणजे तुमच्या टाकीतल्या बारीक जिवांना काय करेल विचार करा. साधा, शंभर टक्के सिलिकॉन, कुठलंही बुरशीनाशक नसलेला घ्या, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास म्हणजे अॅसेटिक अॅसिड, सुकताना निघून जातं. घाई इथेच होते. वरची साय पंधरा मिनिटांत धरते आणि माणसाला वाटतं झालं, पण सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत पिकतो, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, म्हणून जाड सांधा असेल तर आठवडाभर हात लावू नका.

अॅक्रिलिकचे पडदे चालतात पण सिलिकॉन अॅक्रिलिकला नीट धरत नाही, काही महिन्यांत सुटतो. पडद्यावर जोर पडत नसेल तर ठीक, नाहीतर काचेचेच करा. अॅक्रिलिकला अॅक्रिलिक जोडायचं असेल तर बोर्डवाले क्लोरोफॉर्म वापरतात, जोड छान होतो, फक्त ते गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत करा, बंद खोलीत अजिबात नको, घरात लहान मुलं असतील तर तर नाहीच.

प्रश्न (पुणे): काच साफ करायला घरीच मॅग्नेट क्लीनर बनवतोय. निओडिमियम मॅग्नेट आणलेत, चकचकीत आहेत, स्टेनलेस स्टीलसारखे. तसेच लावू का?

उत्तर: ती चकाकी निकेलची आहे आणि बहुतेक मॅग्नेटवर निकेलखाली तांब्याचा थर असतो, त्याच्याखाली पुन्हा निकेल, आणि आत लोखंड. एक ओरखडा पडला की पावडर होऊन संपतो. सगळ्या बाजूंनी इपॉक्सीत किंवा अॅक्रिलिकच्या डबीत बंद करा आणि दर महिन्याला बघा, फुगला किंवा तपकिरी रेघ दिसली की त्याच क्षणी बाहेर. स्टेनलेसचं विचारलंत म्हणून सांगतो, ३०४ खाऱ्या पाण्यात टिकत नाही, ३१६ मधे मॉलिब्डेनम असतं म्हणून जास्त टिकतं पण फटीत अडकलेल्या पाण्यात त्यालाही खड्डे पडतात. बुडणाऱ्या जागी नायलॉनचे स्क्रू वापरा, स्वस्त आहेत.

प्रश्न (रत्नागिरी): काका, कूलरचा पंप टाकीत चालेल का? आणि एखादी वस्तू सेफ आहे की नाही घरी कसं तपासायचं?

उत्तर: पंपाचं पुढचं झाकण काढ, इंपेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक) ओढून बघ. आतली दांडी सिरॅमिकची असेल तर पुढे विचार करू, स्टीलची असेल तर तो कूलरलाच राहू दे. आणि कुठलाही पंप असो, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लाव बाबा, खाऱ्या पाण्यातून करंट फार सहज जातो, हात आत तुझाच असणार.

तपासणीचं म्हणशील तर काचेच्या दोन बरण्या घे, दोन्हीत टाकीचंच खारं पाणी, एकीत ती वस्तू टाक, दुसरी नुसती ठेव. महिनाभर रोज बघ. गंज, हिरवट डाग, तेलाचा तवंग, वास, प्लास्टिक मऊ किंवा चिकट होणं, यातलं काही दिसलं तर वस्तू बाद. वस्तूच्या बरणीतल्या पाण्याला कॉपरची टेस्ट कर, किट मिळतं. लोक आर्टेमिया (माशांना खायला देतात तो खाऱ्या पाण्यातला बारीक जीव) सोडून बघतात, पण तो फार चिवट जीव आहे, तो जगला म्हणून तुझा श्रिंप जगेल असं नाही. प्लास्टिकचा डबा घेताना खाली त्रिकोणात २ किंवा ५ बघ आणि खाण्याच्या वापराचा घे, रंगाची किंवा फिनेलची बादली धुऊनसुद्धा वापरू नको. मॅग्नेट लावून स्टील ओळखायला जाऊ नको, चांगलं ३०४ सुद्धा वाकवलं की थोडं चिकटतं. आणि तू दुसऱ्या पत्रात मालवणहून प्रवाळाचे दगड आणण्याबद्दल विचारलंस, ते आणायचे नाहीत, प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. दगड घरी सिमेंटचे बनवता येतात, मात्र त्यांना साध्या पाण्यात काही आठवडे बुडवून, पाणी बदलत राहून, पीएच (पाणी किती अल्कधर्मी ते) उतरल्याशिवाय टाकीत टाकू नको.